गजराच्या घड्याळाला स्पीकर कोणता घ्यावा?



मागच्या भाषणात आम्ही गजराचं घड्याळ घरी कसं जोडायचं ते सांगितलं होतं. अर्डुइनो नॅनोची पट्टी, वेळ सांभाळणारी डीएस ३२३१ ची चिप, तिच्या पाठीला नाण्याएवढा सेल आणि समोर लाल आकड्यांची पाटी. ते ऐकून काही गटांनी घड्याळं जोडली आणि निरोपही पाठवले. बहुतेकींची अडचण एकच. घड्याळ चालतं, वेळ बरोबर दाखवतं, पण गजराला आवाज कशाचा लावायचा? दुकानदार विचारतो किती ओहमचा देऊ, किती वॅटचा देऊ, आणि आपण एकमेकींच्या तोंडाकडे बघतो. म्हणून आज फक्त स्पीकरबद्दल बोलू.

मोबाइल असताना हा उद्योग कशाला, असं विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात. ज्यांच्या घरात माणशी एक फोन आहे त्यांनी खुशाल त्यावर गजर लावावा. आमच्याकडे घरात एक फोन, तो रात्री मुलाबरोबर नाहीतर मालकांबरोबर असतो, आणि घरी राहिलाच तर चार्जिंग संपलेलं. घड्याळ भिंतीवरच राहतं, त्याला कोणी खिशात घालून नेत नाही.

आता आक्कांची गोष्ट सांगतो, कारण स्पीकरचं सगळं शहाणपण आम्हाला तिथूनच आलं.

आक्का आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या. मुलगा-सून पुण्याला, घरी त्या आणि पाचवीतली नात. त्यांच्या विहिरीत पाच घरांचा वाटा आहे. शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आक्कांची पाण्याची पाळी दोन वाजता यायची. दोनला उठून मोटर चालू करायची आणि दारं धरायला जायचं. आम्ही जोडलेलं पहिलं घड्याळ त्यांनाच दिलं, मोठ्या कौतुकानं. गजराला दुकानातून पंधरा रुपयांचा बझर आणून लावला होता. आमच्या खोलीत तो वाजला तेव्हा सगळ्यांनी कानावर हात ठेवले होते.

नात मामाकडे गेली होती त्या आठवड्यात आक्कांची पाळी चुकली. कांदा पोसायला लागलेला, आणि पुढची पाळी पाच दिवसांनी. बैठकीत आम्ही हसलो. म्हटलं, "आक्का, झोपेत बटण दाबलंत तुम्ही." त्याही हसल्या, काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला नात घरी होती. गजर झाला तशी ती उठली आणि तिनं आजीला हलवून जागं केलं. आक्का अंथरुणावर उठून बसल्या, घड्याळ हाताच्या अंतरावर, आणि म्हणाल्या, "अजून वाजलं नाही की." नात म्हणाली, "आज्जे, कधीचं ओरडतंय ते!"

हे आम्हाला नातीनं सांगितलं, आक्कांनी नाही. नंतर बोलता बोलता आक्का एवढंच म्हणाल्या की हल्ली रातकिडे फार कमी झालेत. रातकिडे होते तेवढेच होते.

वय वाढतं तसं कान आधी बारीक, चिरके आवाज सोडतो. जाड, खालच्या पट्टीचे आवाज पुष्कळ वर्षं ऐकू येत राहतात. त्यामुळे माणसाला वाटतं आपलं ठीक चाललंय. लोक बोलतात ते ऐकू येतं, पण शब्द नीट कळत नाहीत. रातकिड्याचा आवाज एका सेकंदाला चार-पाच हजार कंपनांचा असतो. ह्या कंपनांच्या मापाला हर्ट्झ म्हणतात. आमचा पंधरा रुपयांचा बझर ओरडत होता तोही दोन ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे आक्कांच्या कानातून जे आधी गेलं होतं, नेमकं तेच आम्ही त्यांच्या उशाशी ठेवलं होतं.

मग दुकानात असले बझर का विकतात? कारण तरुण कानाला दोन ते पाच हजारांच्या मधला आवाज सगळ्यात तिखट लागतो. थोड्याशा विजेवर पुष्कळ गोंगाट होतो. बझरमध्ये बहुधा पितळेची पातळ चकती असते आणि तिच्यावर पांढऱ्या खड्याचा थर. तुमच्या स्वयंपाकघरात गॅसचा लायटर आहे ना, खटका दाबला की ठिणगी पडते तो? त्याच्या आत असाच खडा असतो. त्याला ठोका दिला की वीज तयार होते. बझरमध्ये ह्याच्या उलट चालतं: खड्याला वीज दिली की तो वाकतो, सोडली की सरळ होतो, आणि चकती थरथरून आवाज करते. फ्रान्समधल्या क्युरी बंधूंनी खड्याचा हा गुण १८८० साली दाखवला. (काही काळ्या बझरांत चकतीऐवजी बारीक चुंबक असतं. आवाज तसाच चिरका.)

बझर घ्यायचाच असेल तर त्यातही दोन जाती आहेत हे लक्षात ठेवा. एकाला दोन पेन्सिल सेल लावले की तो लगेच ओरडायला लागतो. दुसरा नुसता टक करतो आणि गप्प बसतो, कारण त्याला कंपनं बाहेरून, म्हणजे नॅनोकडून द्यावी लागतात. आमच्या एका मैत्रिणीनं दुसऱ्या जातीचा बझर खराब समजून दुकानदाराशी भांडण केलं. दुकानातच सेल लावून बघावं. पहिल्या जातीत अधिक-उणे पाळायचं, अधिकची खूण वरच छापलेली असते.

आक्कांच्या घड्याळासाठी आम्ही जरा शोधाशोध केली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात डोरोथी ब्रुक आणि इयन थॉमस या संशोधकांनी झोपलेल्या माणसांना वेगवेगळे आवाज ऐकवून पाहिलं आहे. आग लागल्यावर वाजणाऱ्या घंट्यांसाठी त्यांना हे हवं होतं. कमी ऐकू येणाऱ्या माणसांना तीन हजार हर्ट्झच्या चिरक्या आवाजापेक्षा ५२० हर्ट्झचा खरखरीत आवाज खूप चांगला जागा करतो, असं त्यांना आढळलं. पुढे अमेरिकेच्या अग्निसुरक्षेच्या नियमांत हॉटेलांसारख्या झोपायच्या खोल्यांसाठी हाच ५२० हर्ट्झचा आवाज घालण्यात आला. लहान मुलांवरही त्यांनी प्रयोग केले. चिरक्या घंटेला न उठणारी मुलं आईच्या आवाजाला आणि ह्या जाड आवाजाला उठली.

५२० म्हणजे केवढा, हे भजनी मंडळातल्या बायकांना लगेच कळेल. पेटीवर पांढरी एक धरा, तार सप्तकातला सा दाबा. तो ५२३ च्या आसपास असतो. तीन हजार तर पेटीच्या शेवटच्या पट्टीच्याही पलीकडे. आणि "खरखरीत" हा शब्द महत्त्वाचा आहे. बासरीसारखा गोड, एकसुरी आवाज चालत नाही. ज्यात मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट वरचे सूरही मिसळलेले असतात असा आवाज हवा. नॅनो टोनच्या आज्ञेवर जो आवाज काढते तो नेमका असाच असतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. आकडा ५२० लिहायचा, आणि आवाज अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद, असा ठेवायचा. सतत एकच सूर लागला की मन त्याला गिरणीच्या आवाजासारखं विसरून जातं.

रेडिओवर आम्ही तुम्हाला दोन्ही आवाज ऐकवले होते, इथं कागदावर ते वाजणार नाहीत. ज्यांनी खिशातल्या छोट्या रेडिओवर ऐकलं त्यांना दुसरा आवाजही बारीकच वाटला असेल. तो दोष तुमच्या रेडिओच्या स्पीकरचा, आणि तिथूनच आमचा पुढचा मुद्दा सुरू होतो.

जाड आवाज काढायला हवा जास्त हलवावी लागते. सुपानं पाखडायचं काम वाटीनं होत नाही. रुपयाच्या नाण्याएवढा स्पीकर ५२० हर्ट्झला नुसता कुंथतो. आम्ही आधी तोच आणला होता, घड्याळात नीट बसतो म्हणून. नंतर तीन इंचाचा, कागदी पडद्याचा आणला आणि फरक तिथल्या तिथे कळला. तुम्हाला आमचा सल्ला हाच: तरुण माणसांच्या घरात, अभ्यासाला उठणाऱ्या मुलीसाठी, बझर पुरे. साठीच्या पुढचं माणूस असेल, किंवा घड्याळ एका खोलीत आणि झोपणारा दुसऱ्या खोलीत असेल, तर अडीच ते तीन इंचाचा स्पीकर. घड्याळाचं खोकं मोठं होतं, होऊ दे.

आता ओहम. स्पीकरच्या मागे चुंबकावर छापलेलं असतं, ४ किंवा ८. ओहम म्हणजे वीज किती अडवली जाते त्याचं माप. ८ ओहमचा पाइप अरुंद, ४ ओहमचा रुंद, त्यातून दुप्पट वीज वाहते. मीटर लावून पाहिलात तर ८ च्या स्पीकरवर साडेसहा-सात दिसेल. दुकानदारानं फसवलं असं समजू नका. मीटर फक्त तारेचा विरोध मोजतो, आवाज चालू असतानाचा विरोध त्याहून जास्त असतो.

इथं एक चूक सगळ्या करतात, आम्हीही केली. स्पीकरच्या दोन तारा सरळ नॅनोच्या पायाला जोडल्या. नॅनोच्या एका पायातून वीस मिलिअँपिअर वीज घ्यावी, चाळीस ही शेवटची हद्द. आणि ८ ओहमचा स्पीकर ५ व्होल्टवर मागतो सहाशेच्या वर. वीसजणींचा स्वयंपाक करून ठेवावा आणि पंगतीला सहाशे माणसं यावीत तशी गत. आमची एक नॅनो त्या दिवशी गेली.

मधे ट्रान्झिस्टर लागतो. पाटाचं दार आठवा. एका हातानं दार वर केलं की पाटभर पाणी धावतं, पाणी हाताला ओढावं लागत नाही. ट्रान्झिस्टर म्हणजे ते दार, नॅनो म्हणजे हात. आम्ही बीसी ३३७ वापरतो, दोन-तीन रुपयांना मिळतो. नॅनोचा पाय आणि ट्रान्झिस्टरचा मधला पाय यांच्यामध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर. स्पीकरची एक तार ५ व्होल्टला, दुसरी २२ ओहमच्या अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. तिसरा पाय ग्राउंडला. स्पीकरला समांतर एक डायोड लावा, पट्ट्याची बाजू ५ व्होल्टकडे, म्हणजे स्पीकरच्या गुंडाळीतला उलटा झटका ट्रान्झिस्टरला लागत नाही. २२ ओहममुळे वीज दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास राहते, स्पीकरही तापत नाही. आवाज कमी वाटला तर आधी रेझिस्टर बदलू नका, खोक्याकडे बघा. ते पुढे सांगतो.

वॅटबद्दल गैरसमज फार आहे. बाजारात दहा वॅट, वीस वॅट असं ओरडून विकतात आणि आपल्याला वाटतं जास्त वॅट म्हणजे मोठा आवाज. तसं नाही. स्पीकरवरचे वॅट ही त्याची सोसण्याची ताकद आहे. बैल किती ओझं ओढू शकतो हे सांगितलं म्हणून गाडीत तेवढं भरलंय असं होत नाही. आपल्या घड्याळाची वीजच थोडी, तिला अर्धा किंवा एक वॅटचा स्पीकर भरपूर झाला. शिवाय वीज दुप्पट केली तर कानाला फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला वीज दहापट लागते. म्हणून वॅटवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, पडद्याच्या आकारावर घालवा. काळजी उलट बाजूची घ्यायची: अ‍ॅम्प्लिफायर तीन वॅटचा आणि स्पीकर अर्ध्या वॅटचा, असं जोडलं तर गुंडाळी जळते.

खोक्याचं गुपित आम्हाला अपघातानं कळलं. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला तर आवाज पोकळ, मरतुकडा येतो. आम्ही तो नाकारणारच होतो. तेवढ्यात एकीनं तो टेबलावरच्या चपलांच्या खोक्याच्या भोकावर टेकवला आणि सगळ्या दचकल्या. कारण साधं आहे. पडदा पुढे जाताना समोरची हवा ढकलतो आणि मागची ओढतो. कडेला दोन्ही हवा एकमेकींना भेटतात आणि आवाज खाऊन टाकतात, जाड आवाज तर आधी. मागची हवा खोक्यात कोंडली की समोरचा आवाज पुरा बाहेर येतो. एक पैसाही खर्च नाही.

आम्ही एक किलो श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा वापरतो. झाकणाला भोक, त्यात स्पीकर, कडेनं फेव्हिकॉल किंवा रबराची पट्टी, फट राहू द्यायची नाही. आत जुन्या उशीचा मूठभर कापूस. स्टीलचा डबा दिसायला छान, पण तो स्वतःच झणझणतो. लाकडाचं खोकं सगळ्यात उत्तम, सुताराकडे तुकडे पडलेले असतात. तोंडावर डासांच्या जाळीचा तुकडा ताणून लावा, नाहीतर झुरळं आत घर करतात. आणि घड्याळ ठेवताना स्पीकरचं तोंड भिंतीकडे किंवा गोधडीकडे नको.

आता ज्यांना नातवाचा आवाज किंवा एखादी ओळ टेप करून गजर म्हणून हवी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. डीएफ प्लेअर मिनी नावाची बोटभर पट्टी मिळते, तिच्यात मेमरी कार्ड घालायचं. तिचा अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, ८ ओहमचा, दोन-तीन वॅटचा स्पीकर सरळ तिलाच जोडायचा. सोय मोठी आहे, पण तिनं आम्हाला दोन रात्री रडवलं. गजराची वेळ झाली की घड्याळ "आज्जे, ऊ—" एवढंच म्हणायचं आणि गप्प. पाटीवरचे आकडे जायचे, परत यायचे. आम्ही मेमरी कार्ड बदललं, आवाज पुन्हा टेप केला, आज्ञा तपासल्या. दोष कुठंच नव्हता. मोठ्या आवाजाला एकदम जास्त वीज लागते, चार्जरची तार लांब आणि बारीक होती. क्षणभर दाब उतरायचा आणि नॅनो बंद पडून पुन्हा सुरू व्हायची. मोटर चालू झाली की घरातला दिवा मंद होतो ना, तसं. मग तार आखूड आणि जाड घेतली, अ‍ॅम्प्लिफायरला वीज नॅनोमधून न देता सरळ चार्जरच्या मुळापासून दिली, आणि त्याच्याजवळ १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावला. कपॅसिटर म्हणजे दारातला रांजण, नळाची धार बारीक झाली तरी क्षणभर भागतं. त्याच्या अंगावर पांढरा पट्टा असतो ती उणे बाजू. उलटा लावू नका, फुटतो.

लाइट गेल्यावर घड्याळ चालावं म्हणून काहीजणी पॉवर बँक लावतात. काही पॉवर बँका थोड्या विजेच्या वस्तूला ओळखतच नाहीत आणि स्वतः बंद होतात. रात्रभर लावून, सकाळी चालू आहे का ते बघूनच तिच्यावर भरवसा ठेवा.

स्पीकर नवाच हवा असं नाही. जुन्या रेडिओतला, टेपरेकॉर्डरमधला स्पीकर भंगारात दहा-वीस रुपयांना मिळतो आणि कित्येकदा नव्यापेक्षा बरा निघतो. तपासायचा असा: एक पेन्सिल सेल घ्या, दोन तारा स्पीकरला क्षणभर टेकवा आणि काढा. खट असा स्वच्छ आवाज आला आणि पडदा किंचित हलला तर जिवंत आहे. सेल लावून ठेवायचा नाही. मग दोन बोटांनी पडदा हळूच दाबा. खरखर लागली तर गुंडाळी घासते आहे, परत द्या. कागद फाटला असेल तर बारीक चीर पातळ कागद आणि फेव्हिकॉलनं सांधता येते. जुना डबा टीव्ही मात्र स्वतः उघडू नका. त्याच्या काचेच्या नळीत बंद केल्यावरही जबर वीज साठून राहते. तो स्पीकर दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घ्या. नवं सामान घ्यायला पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. पाबळच्या आसपासच्या मैत्रिणींना विज्ञान आश्रम जवळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या त्या आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, असलं जोडकाम तिथं बघायला मिळतं.

कमी ऐकू येणं लपवणारं माणूस तुमच्या घरात असेल तर त्याला घड्याळाच्या निमित्तानं ओळखता येतं. दोन्ही आवाज वाजवा आणि कोणता ऐकू आला ते विचारा, हसू नका. आणि जिल्हा रुग्णालयात कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी कधी नुसता मळ असतो. ज्यांना जाड आवाजही येत नाही त्यांच्यासाठी उशीखाली थरथरणारी मोटर लावता येते, ती वेगळ्या भाषणात सांगू.

शेवटची चाचणी दिवसा, जागेपणी करण्यात काही राम नाही. ज्याच्यासाठी घड्याळ आहे त्याला त्याच्याच अंथरुणावर, पंखा चालू ठेवून, पांघरूण कानावर घेऊन झोपू द्या. चांगला कान उशीत दाबून झोपायची सवय असेल तर तसंच. आक्कांच्या घरी आम्ही दोघी मुक्कामाला राहिलो. दोनला गजर झाला. पहिल्या तीन ठोक्यांत आक्का उठून बसल्या, आमच्याकडे बघून म्हणाल्या, "केवढ्यानं ओरडतंय मेलं." बाहेर गोठ्यात म्हैसही उठून उभी राहिली होती. म्हणून सकाळी २२ ओहमच्या जागी ४७ चा रेझिस्टर लावला आणि मग घरी गेलो.